टेबलावरचे पंजे

आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये ‘दुखतंय’ म्हणायचं नाही, हा नियम मीच केला. जी म्हणेल तिनं वीस उड्या जास्त मारायच्या. माझ्या सरांचाही हाच नियम होता. त्याच्या जोरावर मी राज्यापर्यंत गेले, आणि आज अडतिसाव्या वर्षी मोजे घालताना पलंगाची कड धरावी लागते तीही त्याच्यामुळंच. एवढं कळूनही नियम बदलला नाही. लोक मूर्खपणा म्हणतील. मी थकवा म्हणते.

टिळकवाडीतल्या या हॉलमध्ये अठरा मुली येतात. घोटा, गुडघा, कंबर, मनगट, प्रत्येकीचं काहीतरी असतंच. मी विचारत नाही, बघते. उडीच्या टेबलाचं कातडं काळं आहे. हाताला पांढरी पावडर लावून मुली उडतात, मागं पंजे उमटतात. दोन्ही पुरे उमटले की मनगटं ठीक.

भैरवीचा उजवा पंजा तीन आठवडे अर्धाच उमटत होता. बोटं दिसायची, तळवा नाही. प्रत्येक वेळी मी ओलं फडकं मारून तो पुसला. रविवारी राज्य संघाची निवड होती. बारा वर्षांत या हॉलची एकही मुलगी निवडली गेली नव्हती.

शुक्रवारी तिचे वडील महादेव संकेश्वरहून आले, कारखान्यात रजा टाकून. त्यांनी सहज सांगितलं, की गेल्या रविवारी ती घरी आली तेव्हा सदलग्याच्या एका हाडं बसवणाऱ्याकडं पोरीचं मनगट ओढून घेतलंय. मोडलं नाही असं त्यानंच सांगितलं, तरी ओढलं.

“दोन खेपा ओढलं, मॅडम. हूं का चूं न्हाय. पोरगी लई घट केलीसा तुम्ही.”



भैरवीला जवळ बोलावलं. विचारलं, “दुखतंय का गं?”

तिनं आधी बाकीच्या मुलींकडं बघितलं. “न्हाय, मॅडम.”

मनगटाखाली अंगठा दाबला. तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. फक्त अनवाणी पायांची बोटं गादीत रुतली.

रविवारी पाठवायच्या मुलींच्या यादीतलं तिचं नाव मी तिथंच खोडलं. महादेव गयावया करू लागले, एक रविवार तेवढा जाऊ द्या म्हणाले. मी म्हटलं, हाड अजून वाढतंय, दवाखान्यात फोटो काढा, तोवर हातावर भार नको. मग पंज्यांचंही सांगून टाकलं.

त्यांनी उडीच्या टेबलाकडं बघितलं. “म्हंजे तुम्हास्नी ठावं हुतं. मग तीन आठवडं काय करीत हुतासा?”

भैरवीनं पिशवी डाव्या हातानं उचलली आणि माझ्याकडं न बघता बापामागं गेली.

सोमवारी सतरा मुली रांगेत होत्या. मी म्हटलं, नियम संपला, जिचं दुखतंय तिनं बोलावं. एकही बोलेना. किती वेळ उभं राहायचं? मीच म्हटलं, “माझी कंबर दुखतीय. चौदा वर्षं.”

रांगेच्या टोकाला शाल्मली, नऊ वर्षांची. तिनं हात वर केला.

“मग आता तुम्ही वीस उड्या मारणार?”

कुणी हसलं नाही. मी गादीवर बसले. शाल्मली आली, माझ्यासमोर बसली आणि आपला सुजलेला घोटा तिनं माझ्या मांडीवर ठेवला.