ठरलं की ठरवलं

मोठीआईच्या खानावळीत दोन गोष्टी कधी बदलत नसत : दुपारचे मसूर आणि मोठीआईचं मत. ती "ठरलं!" म्हणाली की ठरलं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. थोरल्याने परगावी दुकान टाकायचं ते असंच ठरलं. धाकट्याने खानावळ सांभाळायची तेही, आणि त्याची बायकोसुद्धा अशीच ठरली. नवऱ्याचंही जन्मभर सगळं असंच ठरत आलं. बिचारा मेला तेवढा न विचारता.

मग सुनेला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. मोठीआईला वाटलं, पोरगी विचारतेय. पोरगी सांगत होती.

"या घरची सून दुसऱ्याच्या काचा पुसणार नाही. ठरलं!"

सून पाव कापत होती. तिने सुरी खाली ठेवली, कपडे पिशवीत कोंबले आणि दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "माझ्या आईचं घर तुला माहीत आहे. तोंड उघडावंसं वाटलं तर ये." आणि गेली.

धाकटा काही जाईना. दिवसभर भांडी घासायचा, टेबलं पुसायचा आणि रविवारी ऐकलेलं घोकायचा. चर्चमध्ये नवे पाळक आले होते. वय कोवळं, आवाज मात्र खणखणीत. जग बनायच्या आधीच देवाने आपली माणसं निवडून ठेवली आहेत, आपण आपल्या बळावर कडीसुद्धा लावू शकत नाही, असं ते सांगत. धाकट्याला हे फार मानवलं. आळशाला पलंग मिळाला.

"अरे, बायकोला आणायला जातोस की नाही?"

"प्रभूने तिला माझ्यासाठी निवडलं असेल तर ती येईल, आई. नसेल तर मी जाऊन काय होणार? जग बनायच्या आधीच ठरलंय सगळं."

"तेव्हा होती कुठे तुझी बायको?"

"देवाच्या मनात."

"तिथे सुखात होती बिचारी. तुझ्या हाती लागली नि फसली."

बोलून काही उपयोग नव्हता. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. हा पोहरा मोठीआईच्या पोटचा असला तरी त्यातलं पाणी पाळकांचं होतं, तेव्हा आता आडातच डोकावायला हवं होतं. आणि आड रोज दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर जेवायला येत असे.

मसूर निवडायचं काम सुनेचं होतं. ती गेल्यापासून मोठीआई स्वतः ताट घेऊन बसायची. पण तिला जवळचं दिसत नव्हतं. ही गोष्ट साऱ्या गल्लीला ठाऊक होती आणि तिच्यासमोर बोलायची कोणाची छाती नव्हती. चष्मा म्हातारी माणसं लावतात, असं तिचं म्हणणं.

त्या दुपारी पाळकांनी प्रार्थना केली, घास घेतला आणि कड्‌ असा आवाज झाला. शेजारच्या टेबलावर न्हावी जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला.

"मोठीआई," पाळक गाल धरून म्हणाले, "खडा!"

"असणारच. जग बनायच्या आधीपासून तुमच्या दाढेसाठी राखून ठेवलेला. आपण कोण अडवणारे?"

"तसं नसतं हो. मसूर नीट निवडले असते तर..."

"निवडण्याचं तुम्ही मला सांगू नका. निवडताना हाताने उचलायचं काय? खडे! मसूर राहतात ताटातच. दर रविवारी तुम्ही आम्हाला सांगता, 'आपण निवडलेले.' मी मागच्या बाकावरून सगळ्यांकडे बघते आणि म्हणते, खरंय बाई, एकूण एक खडाच आहे."

न्हाव्याला ठसका लागला. पाळकांनाही हसू आलं असतं, पण दाढ आडवी आली. ते उठले. "दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो."

"कशाला? वाचायची असेल तर वाचेल दाढ. बसा."

"असं कसं? अहो, देव शेवट ठरवतो तसा तिथे जायचा रस्ताही तोच ठरवतो. डॉक्टर, औषध, आपले पाय, ही सगळी त्याचीच साधनं. हातावर हात ठेवून बसा, असं मी कधी म्हटलं?"

"पाय? हे पायांचं कधी सांगितलंत तुम्ही?"

"येत्या रविवारी सांगणार होतो."

"तोवर माझ्या घराला कुलूप लागेल! धाकट्या, ये इकडे. पाळकसाहेब, परत सांगा. ते पायांचं."

पाळकांनी सुजल्या गालाने परत सांगितलं. धाकटा ओला फडका पिळत ऐकत राहिला. फडक्यातलं पाणी संपलं तरी पिळतच राहिला.

"म्हणजे मी जायचं?"

"जायचं," पाळक आणि मोठीआई एकदमच म्हणाले.

"आणि जाऊन सांगू काय? नोकरीचं काय ठरलं, असं ती पहिल्याच शब्दाला विचारणार." त्याचा आवाज चढला. घरात त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. "देवाचं ठरलेलं मी एक वेळ मोडेन, आई. तुझं ठरलेलं कसं मोडू?"

पाळकांना ताटात एकाएकी फार काही बघण्यासारखं दिसू लागलं.

मोठीआईचं तोंड उघडलंच होतं. काय बोलायचं, कोणता सदरा घालायचा, सासूला आधी नमस्कार करायचा की बायकोला हाक मारायची, सगळं जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं. खड्यासकट मसूर गिळावे तसं.

"तू ठरव."

"काय?"

"बहिरा झालास? तुझं तू ठरव. आणि माझ्या तोंडाकडे बघू नकोस, नाहीतर मीच ठरवीन."

तो ओल्या हातांनीच निघाला. मोठीआई दारापर्यंत गेली. कोपऱ्यावर तो डावीकडे वळला. उजवीकडचा रस्ता जवळचा. "अरे..." एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि तिने तोंडावर मूठ दाबली. मग वर बघून म्हणाली, "तू कसा गप्प बसतोस रे? तुझी तर एवढी लेकरं, आणि एक धड वळत नाही."

दोघं दिवेलागणीला आली. धाकट्याने पिशवी खाली ठेवली, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती सकाळी दुकानात जाणार. आम्ही ठरवलं."

ते 'आम्ही' मोठीआईच्या दाताखाली आलं. तिने थोडा वेळ ते चघळलं.

"आणि मसूर कोण निवडणार?"

"तुम्ही," सून म्हणाली. तिने एक लहानशी डबी टेबलावर ठेवली. "जवळचं बघायचा चष्मा आहे. काचा मी पुसून आणल्यात. लावायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

"मी काय म्हातारी झालेय?" मोठीआई म्हणाली. डबीला तिने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पाळक दुसऱ्या बाजूच्या दाढेने, जपून जपून जेवले. ताट संपलं. खडा नाही.

"मोठीआई, आज कोणी निवडले?"

स्वयंपाकघरात खुडबुड झाली, पिठाच्या डब्याचं झाकण घाईघाईने लागलं आणि मोठीआई दारात आली. नाकावर दोन्ही बाजूंना लाल वळ होते, आणि त्यांवर पीठ.

"देवाने," ती म्हणाली. "जेवा गपचूप."