उजेड बघायचा फोटो

वैजीनाथएवढा दांडगा कॅमेरा अख्ख्या जिंतुरात कुणाकडं नव्हता, आणि तो कशाला लागतो हे वैजीनाथ सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नातल्या साठ माणसांच्या फोटोतलं एक डोकं उचलून भिंतीएवढं केलं, तरी चेहरा फाटत नसे. गावाकडची म्हातारी माणसं एकटी फोटोला बसत नाहीत. ती नातवाच्या लग्नात तिसऱ्या रांगेत उभी राहतात आणि पुढं कधीतरी तिथूनच थेट हाराच्या फोटोत जातात. म्हणून वैजीनाथ कुणाला 'हसा' म्हणत नसे. 'समोर बघा' एवढंच म्हणे.

आधीचा कॅमेरा तीन घरचा होता. डबा एका कंपनीचा, लेन्स दुसरीची, फोटो टिपणारी मागची बॅक तिसरीची. बॅक काढून भलत्याच डब्याला लावा, फोटो कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, कुणाची हरकत नसे. मग विक्रेता आला. नव्या कॅमेऱ्यात सगळं एकाच कंपनीचं. फोटोसुद्धा तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणार. "कटकटच नाही, सर."

"जुनाच राहू द्या," बायको दैवशाला म्हणाली. "त्याला कुणाचंबी चालतंय. एकाच घरचं सगळं म्हनलं की पाणीबी त्यांना इचारून प्यायचं. मी करायलेच की इथं वीस वर्सं."

वैजीनाथ हसला, आणि जुना विकून नवा घेऊन आला.

गिऱ्हाईक बसण्याआधी स्टुलावर दैवशाला बसायची. तिचा एक फोटो काढून तो तिच्यावर उजेड बघायचा. "झालं का? सरकू का?" असं विचारून ती उठायची, आणि तो फोटो तो तिथंच पुसायचा. गिऱ्हाइकाचा एकही फोटो त्यानं कधी पुसला नाही. बायकोचा एकही ठेवला नाही.

पुढं काही वर्षांनी तीन दिवसांच्या तापात दैवशाला गेली.

दहाव्याला फोटो हवा होता. घरात तिचे दोनच. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या होत्या आणि लाज होती, चेहरा नव्हता. आधार कार्डावरचा तिच्या आईनंही ओळखला नसता. शेवटी कॅमेऱ्यातल्या कार्डात एक सापडला, पुसायचा राहून गेलेला. डावीकडून उजेड, तोंड किंचित उघडं.

कॅमेऱ्यामागच्या चार बोटांच्या स्क्रीनवर तो दिसत होता. कॉम्प्युटरवर मात्र उघडेना. जुना कॉम्प्युटर पंधरवड्यापूर्वीच वीज पडून जळाला होता, आणि नव्यावर ते सॉफ्टवेअर चालवायला कंपनीची परवानगी लागत होती. वैजीनाथनं फोन लावला.

"सर, ते मॉडेल बंद झालंय. परवानगी आता देता येत नाही."

"फोटो माझा हाय, मॅडम. बायकोबी माझीच हाय."

"हो सर. आणखी काही मदत करू शकते का?"

"दाजी, मोबाईलनं त्या स्क्रीनचाच फोटो काढू की," दैवशालाचा भाऊ सूर्यभान म्हणाला. त्यानं काढलाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळ्या रेघा उमटल्या. "चिकाच्या पडद्याआड बसल्यावानी दिसायलीय," असं म्हणत त्यानं मोबाईल आपणहून खिशात घातला.

दहाव्याला चौरंगावर कॅमेराच ठेवला. पाठ लोकांकडं, गळ्यात झेंडूचा हार. मिनिटभरानं स्क्रीन आपोआप विझायची. बॅटरी वाचावी म्हणून कंपनीनं तसं ठरवलेलं, आणि ते बदलता येत नव्हतं. म्हणून वैजीनाथ शेजारी बसून होता.

कडूबाई मावशी फुलं घेऊन वाकेपर्यंत अंधार झाला. "गेली की रे!"

वैजीनाथनं बटण दाबलं. दैवशाला परत आली. तेच उघडं तोंड, तेच काहीतरी विचारणं. मावशीनं घाईघाईनं फुलं वाहिली.

दुपारी पंगत बसली. सूर्यभान दोनदा बोलवायला आला. "दाजी, दोन घास खाऊन घ्या. मी दाबतो तवर."

"तुला जमायचं न्हाई," वैजीनाथ म्हणाला.

नुसतं बटणच तर दाबायचं होतं. सूर्यभान पंगतीकडं परत गेला.

बॅटरीची शेवटची रेघ लाल झाली होती. स्क्रीन पुन्हा विझली.

"सरकू नको," वैजीनाथ हळूच म्हणाला. "अजून उजेड बघायलोय."

आणि त्यानं बटणावर बोट ठेवलं.