काकूंच्या परसातले उशिरा येणारे हादरे

मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आजवर कुणी ठेवलेला नाही, आता मलाही सवय झाली आहे. मी एक जुना कंपनमापक आहे. जेवणाच्या डब्याएवढा, खाली तीन बुटके पाय असलेला.

चष्मा नाकावर घसरलेल्या एका कारागीर बाईंनी माझ्या पोटात स्प्रिंगला वजन टांगले. जमीन हलते, वजन मागे राहते आणि तो फरक मी नोंदवतो. रस्त्यावरचे ट्रक, वाऱ्याने हलणारी झाडे, दूरच्या समुद्राच्या लाटा यांनी जमीन सतत बारीक थरथरत असते. ती थरथर एका यंत्राकडून दुसऱ्याकडे किती वेळात पोहोचते, यावरून खाली काय आहे ते कळते. खडकातून ती झपाट्याने जाते, भुसभुशीत मातीतून रेंगाळते.

एका वस्तीत रुग्णालय बांधायचे होते. आम्हा वीस यंत्रांना तिथे जागोजागी ठेवले. माझ्या वाट्याला इस्त्रीवाल्या काकूंचे परस आले.

"आमचं बोलणं ऐकायला ठेवलाय ना हा डबा?" काकूंनी कमरेवर हात ठेवून विचारले.

"नाही हो काकू, ह्याला शब्द कळत नाहीत," सर्वेक्षणाच्या ताई म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात. उद्या म्हणाल, घर खाली करा."

त्या दिवसापासून काकू परसात कुजबुजूनच बोलू लागल्या. काकांशी भांडायचे झाले तर त्यांना दंडाला धरून पुढच्या दारी नेत. मला फार वाईट वाटे.

तीन आठवड्यांनी नोंदी तपासल्या. माझ्याकडे येणारी प्रत्येक लाट उशिरा पोहोचली होती.

"बाकीचे एकोणीस ठीक आहेत," मोठे साहेब म्हणाले. "ह्या म्हाताऱ्याचं घड्याळ मागे पडतंय. नाहीतर त्या बाईनं हलवला असेल. ह्याच्या नोंदी वगळा."

ताई काकूंकडे आल्या. "काकू, खरं सांगा, ह्याला हात लावलात का?"

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. "संशय घेतला, कबूल. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची सवय नाही मला. आणि ही परसातली फरशी दरवर्षी खचते, तीही मीच खचवते का?"

ताईंनी खाली बसून ती खचलेली फरशी नीट तपासली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वस्तीच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि माझ्या जागी नवे कोरे यंत्र ठेवले. तेही उशीरच दाखवू लागले! मी मात्र नव्या जागी अगदी वेळेवर होतो.

मग काकूंच्या परसात खोल भोक पाडून पाहिले. खाली मातीने बुजवलेली जुनी खाण निघाली. ती थेट रुग्णालयाच्या नियोजित भिंतीखाली गेली होती. रुग्णालयाची जागा सरकवली. काकूंच्या घराचा पाया भक्कम करायला घेतला आणि चार महिने त्यांना दुसरीकडे राहावे लागले.

"बघा! घर खाली करायला लावलंच की नाही?" काकू ताईंना म्हणाल्या, पण जाताना ताईंच्या हातातल्या माझ्यावरची धूळ पदराने पुसून गेल्या.

आता मी कपाटात असतो. झाकणावर साहेबांनी चिकटवलेली 'संशयास्पद' अशी चिठ्ठी अजून तशीच आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओलीपासून जपा, सपाट जागी ठेवा. आमच्यावर संशयही खुशाल घ्या. पण एखाद्याचे म्हणणे इतर एकोणिसांशी जुळत नसेल, तर त्याला गप्प करण्याआधी त्याच्या पायाखालची जमीन एकदा तपासून बघा.