टरफलांची पुडी

रोज सकाळी रखमाबाई स्टोव्हवर दोन अंडी उकडत. एक यजमानांचं, जयवंतरावांचं. दुसरं मुलाचं, विश्वंभरचं. घरात पुरुष दोन, म्हणून अंडी दोन. खालचे घरमालक शाकाहारी, तेव्हा टरफलं वर्तमानपत्रात बांधून नऊ वर्षांची नात प्रेमला शाळेला जाताना खंडेराव मार्केटजवळच्या कचरापेटीत टाकी.

सून कौशल्या पोळ्या लाटता लाटता हे पाही. कॉलेजात ती आहारशास्त्र शिकली होती. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, बलकात लोह, अ जीवनसत्त्व. परीक्षेत तिनं हे लिहिलं होतं, चांगले गुणही मिळाले होते.

सोमवारी शाळेतल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी प्रेमलाची पापणी ओढून पाहिली.

"बेन, लोही ओछुं छे, रक्त कमी आहे. गोळ्या द्या, भाजी द्या, रोज एक उकडलेलं अंडं द्या. तुमच्यात चालतं ने?"

"चालतं," कौशल्या म्हणाली.

घरी रखमाबाई म्हणाल्या, "पोरींना अंडं उष्ण पडतं. लवकर शहाण्या होतात. मी खाल्लं नाही, तू खाल्लं नाहीस. मेलो का?"

विश्वंभरनं पेपर खाली केला नाही. "गोळ्या आहेत ने. बस."

कौशल्यानं गोळ्यांचं पाकीट फळीवर ठेवलं.

गुरुवारी प्रेमला जिन्याच्या वळणावर चक्कर येऊन पडली. कौशल्यानं तिला उचललं, कपाळ पुसलं, मग सांडलेली टरफलं गोळा करायला वाकली. आतला पापुद्राही कुठे उरला नव्हता.

"इथं बसून खरवडतेस?"

"चिकटलेलं तेवढंच. आजीला नको सांगू."

कौशल्याला रडू आलं नाही. रागही आला नाही.

शुक्रवारी अंडी तिनंच उकडली. एक सासऱ्यांपुढे ठेवलं, एक प्रेमलापुढे.

"आणि विश्वंभरला?" रखमाबाईंनी विचारलं.

"उद्यापासून तीन आणू. नाही आणली तर हे असंच."

"आता भिंतीवरची वाडवडिलांची तलवारही नातीलाच द्या," जयवंतराव म्हणाले. विश्वंभर रिकाम्या ताटलीकडे पाहत राहिला.

प्रेमलानं अंडं नीट सोललं. पांढरंशुभ्र अंडं उचलून वडिलांच्या ताटलीत ठेवलं आणि टरफलं स्वतःकडे ओढून घेतली.

कौशल्यानं अंडं उचललं, परत मुलीच्या ताटलीत ठेवलं आणि तिच्याशेजारी बसली.

"खा. मी रोज इथंच बसणार आहे."