तिसऱ्या खोलीतल्या पाच घंटा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक जुनं स्वयंपाकघर आहे. भिंतीवर पाच पितळी घंटा ओळीने टांगल्या आहेत आणि प्रत्येकीला एक दोरी आहे. समोर बाहेर जायचं दार, त्याला कुलूप. पाठीमागे दुसरं दार, आणि त्या दाराआड कोणीतरी उभं आहे. दिसत नाही, पण आहे. घंटा बरोबर क्रमाने वाजवल्या तर कुलूप उघडेल. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. आता सांगा, पहिली दोरी कोणती ओढाल?

नाही ना सुचत? त्या दिवशी अकरा मोठ्या माणसांनाही सुचलं नव्हतं.

हे स्वयंपाकघर संगणकावरच्या एका खेळातलं होतं. खेळाचं नाव ‘सावली’. पहिल्या दोन भागांत सावलीबाई नावाचं भूत खेळणाऱ्याच्या मागे धावायचं आणि लोक किंचाळत पळायचे. तिसऱ्या भागात ती धावत नव्हती. नुसती दाराआड उभी राहायची, आणि खेळणाऱ्याने एकेका खोलीतलं कोडं सोडवत घराबाहेर पडायचं. ही कोडी भिंगरीच्या मामाने रचली होती, दोन वर्षं खपून.

भिंगरी अकरा वर्षांची. ती पाच मिनिटं एका जागी बसली तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघायचे, म्हणून हे नाव. मात्र कोड्यापुढे ती तास तास बसे. मामा प्रत्येक कोडं आधी तिला देऊन बघायचा. आईची त्याला एकच अट होती. “भूत घरात आणायचं नाही. त्याचा आवाजसुद्धा नको. पोरगी झोपत नाही, आणि मग मीही झोपत नाही.” त्यामुळे भिंगरीला घरी मिळे तो खेळ भुताविना आणि मुका. मामा मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसे आणि शेवटी लिही, ‘तिसरी खोली. भाचीने सोडवली. सहा मिनिटं.’

ती वही आज मामाच्या मांडीवर होती आणि तिचा कोपरा त्याच्या हाताच्या घामाने ओला झाला होता.

मामाच्या कचेरीत दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या, मध्ये मोठी काच. पलीकडे बारा खेळणाऱ्यांना बोलावलं होतं. अलीकडे अंधारात मामा, भिंगरी आणि मॅडम. मॅडम म्हणजे या कंपनीच्या मुख्य. त्यांचा नियम कडक होता, खेळणाऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही. अडला तर अडू द्यायचा. खेळून झालं की त्याने चिठ्ठीवर मत लिहायचं आणि जायचं.

साडेतीनपर्यंत अकरा जण गेले होते. अकराही जण तिसऱ्या खोलीतच अडकून उठले होते. मॅडम चिठ्ठ्या वाचू लागल्या.

“‘पहिल्या भागात मी पलंगाखाली लपलो होतो. या भागात मी पलंगाची लांबी मोजतोय.’”

भिंगरीला हसू आलं. मामाचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

“‘हे भूत आहे की गणिताचे सर?’ पुढची ऐका. ‘भीती वाटली, पण ती कोडं सुटणार नाही याची.’ आणि ही, ‘पहिल्या दोन खोल्या झकास. तिसरीने डोक्याचा भुगा केला. सावलीबाई, परत या, हवं तर मला खा.’”

“पहिल्या दोन आवडल्यात ना त्यांना?” मामा म्हणाला.

“हो. आणि तिसरीत सगळे आपटलेत. अहो, बारा खोल्यांचा खेळ आहे आपला. लोक तिसरीतूनच घरी जायला लागले तर पुढच्या नऊ कोणासाठी?” मॅडमनी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. “चार वाजता मी सगळ्यांना कळवणार आहे. तिसरीपासून पुढची कोडी काढायची. तिथे लांब बोळ घालायचा आणि बाईला धावायला लावायचं.”

मामा ताडकन उठला. “मॅडम, कोडं अवघड नाहीये! ही बघा वही. माझ्या भाचीने सहा मिनिटांत सोडवलंय. अकरा वर्षांची आहे ती! ही घोड्याएवढी माणसं धड बघतच नाहीत, त्याला मी काय करू?”

भिंगरीने मान खाली घातली.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी मामाला ठाऊक नव्हती. मामाच्या हातात नेहमी एक दाबाचं पेन असे. विचारात असला की तो अंगठ्याने ते दाबत बसे. टिक-टिक, टिक-टिक. आणि पडद्यावर भिंगरीचा हात योग्य जागी गेला, की मामाचा श्वास अडके आणि टिक-टिक बंद होई. मुक्या खेळात तेवढा एकच आवाज. तिसऱ्या खोलीत ती पहिल्यांदा अडकली तेव्हा हे तिच्या ध्यानात आलं. मग तिने कोड्याकडे बघणंच सोडलं. हात फिरवायचा, टिक-टिक थांबली की दोरी ओढायची. पुढच्या सगळ्या खोल्या तिने अशाच सोडवल्या होत्या.

“बरं, मग सोडवू दे तिला,” मॅडम म्हणाल्या. “आत्ता, माझ्यासमोर.”

“सोडवेल की! जा गं भिंगरी, दाखव यांना.” मामाच्या डोळ्यांत इतक्या वेळाने चमक आली होती. “क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळे पाठांतर केलंय असंही कोणी म्हणायला नको.”

“मामा, तू पण चल ना आत.”

“छे! मग म्हणतील मामाने सांगितलं.”

भिंगरी पलीकडच्या खोलीत गेली. तिथे आता एकच बाई खेळत होत्या, इस्पितळातल्या नर्सबाई. त्यांनी हेडफोनचा एक कान बाजूला सरकवून ठेवला होता. वॉर्डातली सवय, कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. त्यांच्या शेजारच्या पडद्यासमोर भिंगरी बसली. तिच्यासाठी सावलीबाईला खेळातून काढलं होतं. पाच घंटा, पाच दोऱ्या आणि नुसती शांतता.

तिने पहिल्या दोरीवर हात नेला. काही नाही. दुसरीवर नेला. काही नाही. तिने ओढून बघितली. पडद्यावरचं कुलूप खडखडलं आणि घंटा पुन्हा स्तब्ध झाल्या.

तिने काचेकडे बघितलं. या बाजूने काचेत फक्त स्वतःचा चेहरा दिसत होता, पण मामा काचेला नाक लावून उभा असणार हे तिला माहीत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. सहा मिनिटं झाली. नऊ झाली. पोटात दुखतंय म्हणावं का? घरचा पडदा वेगळा आहे म्हणावं? मामाने दोन्ही खरं मानलं असतं. तिने जे सांगितलं ते मामा नेहमीच खरं मानायचा.

“तुझंही अडलं का गं?” नर्सबाई हळूच म्हणाल्या. “मला वाटलं माझंच डोकं चालेना. पळापळीचा कंटाळा आला होता मला, दिवसभर तेच करते. ही कोडी आवडली होती. पण आता उठतेच बाई.”

हे ऐकून भिंगरी उठली. अलीकडच्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली.

“मामा, मी सोडवलं नव्हतं.”

“काय सोडवलं नव्हतंस?”

“तिसरी खोली. तुझ्या पेनने सांगितलं मला.” आणि मग तिने सगळं सांगितलं, टिक-टिक, श्वास, फिरवलेला हात. बोलताना तिचा आवाज बारीक बारीक होत गेला.

मामाने हातातल्या पेनाकडे बघितलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

“किती खोल्या?”

“तिसरीपासून पुढच्या सगळ्या.”

“मला का नाही सांगितलंस?”

“वहीत लिहिताना तू हसायचास.”

मामा खाली बसला. वही मिटली. तो रागावला असता तर भिंगरीला बरं वाटलं असतं, पण तो रागावला नाही. मॅडमनी फोन हातात घेतला. चारला बारा मिनिटं होती.

“मॅडम, थांबा ना, फक्त पाच मिनिटं!” भिंगरी म्हणाली. “मामा, त्या कोड्याचं खरं उत्तर कसं शोधायचं असतं?”

“आता काय उपयोग?”

“सांग ना!”

“दोऱ्या बघायच्या,” मामा थकल्या आवाजात म्हणाला. “जी घंटा घरात जास्त वाजायची, तिची दोरी जास्त झिजलेली. सगळ्यात झिजलेलीपासून सुरुवात करायची.”

“एवढंच? हे तर सोपं आहे! पण तिकडे बघायला हवं हे कळणार कसं?” ती क्षणभर थांबली. “मला पेनाने कळायचं. आणि खरं सांगू? ते थांबलं ना, की दर वेळी अंगावर काटा यायचा. वाटायचं, माझ्या पाठीमागे कोणीतरी श्वास धरून बघतंय.”

मामाने मान वर केली.

“दे ते पेन.”

“कोणाला हवंय आता?”

“सावलीबाईला,” भिंगरी म्हणाली. “दाराआड नुसती उभी असते ना ती? टिक-टिक तिने करायची. मॅडम, आत बोलायचं नाही ना? मी एक शब्दही बोलणार नाही.”

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. फोन त्यांनी खाली ठेवला नाही, पण नंबरही लावला नाही.

भिंगरी पावलांचा आवाज न करता आत गेली. नर्सबाई शेवटचा एक प्रयत्न करत होत्या. भिंगरी त्यांच्या खुर्चीमागे, मोकळ्या कानाच्या बाजूला उभी राहिली. तिने पडद्यावरच्या दोऱ्या निरखल्या. चौथी पार दोरा दोरा झाली होती. त्याखालोखाल पहिली. हे सगळं इतके दिवस समोरच होतं! तिने पेनावर अंगठा ठेवला.

टिक-टिक. टिक-टिक.

नर्सबाईंचा हात दुसऱ्या दोरीवर गेला. टिक-टिक. तिसरीवर गेला. टिक-टिक. चौथीजवळ आला, आणि भिंगरीने अंगठा थांबवला. श्वाससुद्धा थांबवला.

खोली एकदम गप्प झाली. नर्सबाईंचा हात जागच्या जागी थिजला. त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिलेले भिंगरीला स्पष्ट दिसले. मग त्या पुढे वाकल्या, दोरीकडे निरखून बघू लागल्या. “अगं बाई, ही झिजलीय की,” त्या पुटपुटल्या आणि त्यांनी ती ओढली. घंटा वाजली. कुलूप खडखडलं नाही.

काचेपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“कोण आहे मागे?” नर्सबाईंनी विचारलं. वळून बघायचं धैर्य त्यांना होत नव्हतं.

भिंगरीने ओठ घट्ट मिटले, पहिल्या दोरीवर नजर ठेवली, आणि पुन्हा पेन दाबायला सुरुवात केली.