सतरावी तीन मिनिटं

चिठ्ठीवरचा सतराचा आकडा निळ्या शाईचा होता, आणि टॅम्सिनच्या अंगठ्याचा घाम लागून सातचा पाय लांबत लांबत पार कोपऱ्याला टेकला होता. दारातल्या कारकून बाईंनी ती देताना बजावलं होतं, "तीनच मिनिटं हं, बाळा. घंटा वाजली की खाली बसायचं." तीन मिनिटं! तिच्या मांडीवर चार पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

समोर निवडणूक मंडळाचे पाच जण बसले होते, आणि पाचांच्याही चेहऱ्यांवर दाढदुखीची कळा. कॉलेजच्या व्यायामशाळेतलं मतदान केंद्र बंद करायचं आणि नदीपलीकडच्या जत्रेच्या मैदानावर न्यायचं, असा ठराव होता. कारण काटकसर. टॅम्सिनला या काटकसरीबद्दल मत होतं. तिला सगळ्याबद्दलच मत होतं—वय वर्षं वीस, राज्यशास्त्राचं तिसरं वर्ष. आजोबांच्या पिढीनं मार खाऊन मिळवलेला काळ्या माणसांच्या मतदानाचा कायदा न्यायालयानं आतून कसा पोखरत आणला याबद्दल, पक्षाच्या सोयीनं आखलेल्या मतदारसंघांच्या सांडलेल्या पेजेसारख्या हद्दींबद्दल, शाळांच्या कपाटांतून उचलून नेलेल्या पुस्तकांबद्दल, कागद नसलेल्या स्थलांतरितांना पकडायला तोंड झाकून कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्याबाहेर उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल—आणि हे शेवटचं नुसतं मत नव्हतं, कारण तिच्या खोलीत राहणाऱ्या इनेझची, त्याच कारखान्यात काम करणारी आई वसंतापासून भाजी आणायलासुद्धा घराबाहेर पडली नव्हती, आणि इनेझ रोज दुपारी आईला फोन करून आधी फक्त "आहेस ना?" एवढंच विचारायची... त्यावर काय बोलायचं हे टॅम्सिनला, एवढी मतं असूनही, कधी सुचलं नव्हतं.

काल संध्याकाळी तिनं ही चारही पानं वडिलांना फोनवर वाचून दाखवली होती. क्लेमंट ब्रॉडनॅक्स—शाळेच्या नऊ नंबरच्या बसचे सव्वीस वर्षं चालक. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "टॅम, मतं ढीगभर आहेत तुझ्याकडे. माणसं किती आहेत?"

"म्हणजे काय, डॅडी?"

"काही नाही. छान लिहिलंयस."

"उद्या येणार का तुम्ही?"

"उद्या काम आहे मला."

तिनं फोन ठेवला होता. आपटलाच. अंगणात कधी कुणा उमेदवाराच्या नावाची पाटी न लावणारा, बातम्या लागल्या की उठून टोमॅटोंना पाणी घालायला जाणारा माणूस! कुणाला दिलंत म्हणून विचारलं की हसायचे, "गुप्त असतं म्हणून तर ते मत." लहानपणी तिला ते विनोदी वाटायचं. आता वाटत होतं, अशा गुप्त माणसांमुळेच हे सगळं... गप्प बसणं हीसुद्धा एक बाजू असते, असं तिसऱ्या पानावर तिनं लिहिलं होतं, आणि लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अकरा नंबरचा माणूस बोलत होता तेव्हा मागचं दार उघडलं आणि एकामागून एक टोप्या आत आल्या. जांभळी, पोपटी, पिसांची, फुलांची, रविवारी चर्चला घालायच्या ठेवणीतल्या टोप्या मंगळवारी सकाळी, आणि त्यांच्याखाली अकरा म्हाताऱ्या. काठ्या, हातपिशव्या, "सरक गं जरा", "तूच सरक, तुझाच पसारा मोठा"—सभागृहात हसू पसरलं. सगळ्यांत शेवटी, चर्चच्या व्हॅनच्या किल्ल्या खिशात टाकत, बसचं खाकी जाकीट घातलेले तिचे वडील.

काम आहे म्हणाले होते... हे काम?

तिच्याकडे बघून त्यांनी भुवई किंचित उचलली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.  टॅम्सिनला आनंद झाला, पण त्याला रागाची कड होती. एका शब्दानं सांगितलं असतं तर? मी काय परकी आहे?

सोळावा नंबर त्या म्हाताऱ्यांतल्याच मिस व्हर्नेल पेटवेंचा होता, आदल्या दिवशीच येऊन लावून ठेवलेला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी ध्वनिक्षेपक हातानं बाजूला सारला.

"डेंटन क्रॉफर्ड," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "तिसरीत तुला वजाबाकी कुणी शिकवली?"

अध्यक्ष खाकरले. "तुम्ही, मॅडम."

"बरोबर यायची तुला. अजूनही येते, दिसतंय. पण बेटा, काय वजा करायचं आणि काय हात लावायचं नाही, हे मी शिकवलं होतं की त्या दिवशी तू गैरहजर होतास?"

सभागृहात हशा पिकला. पाचांतली एक सदस्य बाई तोंडावर कागद धरून हसली. अध्यक्षांचे कान लाल झाले आणि, टॅम्सिननं पाहिलं, त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

"सतरा."

ती उठली. पानं हातात होती, पहिलं वाक्य पाठ होतं. आणि तिच्याच तोंडून निघालेलं वाक्य तिनं इतरांबरोबरच ऐकलं: "माझी तीन मिनिटं मी माझ्या वडिलांना देते."

सगळे वळले. भिंतीला टेकलेला माणूस ताठ झाला. लोकांना ते दिलदार वाटलं असणार, कुणीतरी टाळीही वाजवली—पण तिला आतून लख्ख माहीत होतं की हे देणं नव्हतं. हा डाव होता. कालच्या 'माणसं किती?' या प्रश्नाची फेड. बोला ना आता, सगळ्यांसमोर, तुमचं गुप्त मत... आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. नको, डॅडी, राहू दे... पण तोवर ते टोपी काढून पुढे आले होते.

"मी बस चालवतो," ते म्हणाले. त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग— "कॉलेजपासून जत्रेच्या मैदानापर्यंत सहा मैल आणि थोडं. माझ्या मार्गावर आहे. मिल स्ट्रीटला पायवाट आहे, पेट्रोल पंपापर्यंत. पुढे नाही. चर्चच्या वळणावर समोरचं दिसत नाही, तिथं मी भोंगा वाजवतो. मग पूल. पुलाला कठडा आहे, पण कडेला चालायला जागा नाही. सकाळी सहा पन्नासला एक बाई असते तिथं, कारखान्यातून रात्रपाळी करून येते. बस येताना दिसली की कठड्याला चिकटून उभी राहते. मी अगदी हळू करतो. ती हात करते." त्यांनी मंडळाकडे पाहिलं. "नाव माहीत नाही मला तिचं. नोव्हेंबरात, मतदानाच्या दिवसांत, सहा पन्नासला अंधार असतो."

घंटा वाजली नव्हती. अजून एक मिनिट शिल्लक होतं.

"एवढंच," ते म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. मंडळाची एक बाई काहीतरी लिहून घेत होती. टॅम्सिन उभीच होती. एकही मत नव्हतं त्यात, एकही! आणि तिच्या पानावर, दुसऱ्या पानाच्या तळाशी, याच गोष्टीसाठी दोन शब्द होते: वाहतुकीचा अभाव.

मंडळानं निर्णय दोन आठवडे पुढे ढकलला. म्हाताऱ्यांनी तो जिंकल्यासारखाच साजरा केला. व्हॅनपाशी चांदीच्या कागदातली कोंबडीची बिस्किटं, म्हणजे तळलेली कोंबडी भरलेले मऊ पाव, निघाली, आणि कुणी जास्त घेतली यावरून तिथंच भांडण जुंपलं.

वडील तिच्याजवळ आले. "उभं करण्याआधी विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर बोलला असतात?"

"छे!"

"मी रागानं केलं ते, डॅडी."

"कळलं मला." त्यांनी अर्धं बिस्किट तिच्या हातावर ठेवलं. "सव्वीस वर्षं आरशातून पोरांचे राग बघतोय."

"क्लेमंट!" मिस व्हर्नेल आतून ओरडल्या. "तो पूल दाखव आम्हाला. नुसता ऐकून काय उपयोग? आणि ती पोर बाहेर का उभी आहे? घे तिला आत!"

कॉलेजात एकचा तास होता. गेला. टॅम्सिन दोन हातपिशव्यांच्या आणि एका पोपटी टोपीच्या मध्ये जाऊन बसली. मिल स्ट्रीट आली, पायवाट संपली, वळणावर भोंगा वाजला आणि अकराही जणींनी आरोळी ठोकली. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इनेझला आज सगळं सांगायचं, तिनं ठरवलं, आणि मग लक्षात आलं की आधी विचारायला हवं, तिची आई कोणत्या रस्त्यानं कामाला जायची... आपण कधी विचारलंच नाही. दोन आठवड्यांनी काय होईल? एरवी तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, आकड्यांसकट. आत्ता नव्हतं. त्या जागी नुसतं मोकळं मोकळं वाटत होतं, थोडं भीतिदायक, आणि कितीतरी हलकं. पुढे पूल दिसू लागला. भर दुपार होती, पुलावर चिटपाखरू नव्हतं, तरी वडिलांनी गाडी अगदी हळू केली.