कपाटात कोंडलेला एसी

मित्रांनो, जुना झालो असलो तरी मी बिघडलेला एसी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण मान वर करून माझ्याकडे बघतो आणि "हा काही थंड करत नाही" असं म्हणून जातो. ऐकून ऐकून कान किटले माझे!

माझा जन्म कारखान्यातला. माझे भाग दोन. एक घरात भिंतीवर बसतो, दुसरा बाहेर गॅलरीत. आतला भाग खोलीतली उष्णता गोळा करतो आणि बाहेरचा ती वाऱ्यावर सोडून देतो. इतकं साधं काम. सुरुवातीला माझे काय लाड व्हायचे! दुपारी शेजारीपाजारी "सहज आले होते" म्हणत माझ्या खोलीत ठाण मांडून बसायचे. या घरातली मुलगी माझ्याखाली बसून अभ्यास करायची. तिचं ऐकून मीही सगळ्यांना आई, बाबा, आत्या असंच म्हणतो.

मग बाबांना माझी काळजी वाटू लागली आणि तिथेच माझं नशीब फिरलं. गॅलरीतल्या भागावर धूळ बसते, कबुतरं घाण करतात, म्हणून त्यांनी सुताराकडून त्याच्याभोवती लाकडी कपाट करून घेतलं. दार घट्ट, फट कुठेही नाही, वरून चकचकीत पॉलिश. येईल त्याला ते कौतुकाने दाखवायचे, "आता याला काही होत नाही बघा."

अहो, काही होत नाही काय! मी बाहेर टाकलेली गरम हवा त्या कपाटातच फिरून पुन्हा माझ्याच अंगावर यायची. थोडा वेळ तग धरायचो, मग बाहेरचा भाग तापून बंद पडायचा आणि घरात नुसता पंखा फिरत राहायचा.

अशातच आत्या पडली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, मुलांना पोहायला शिकवणारी. तलावाच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घेऊन माझ्या खोलीत आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घामाने आतली कातडी सोलवटली तर प्लास्टर कापावं लागेल, आणि जुळत आलेलं हाड पुन्हा हलेल. खोली गार ठेवा." म्हणजे सगळी मदार माझ्यावर! जीव तुटत होता माझा तिच्यासाठी, पण करू काय?

मग घरात जो तो तज्ज्ञ झाला. बाबांनी रिमोटवर सोळा आकडा लावला. आईने माझी जाळी काढून धुतली, जी आधीच स्वच्छ होती. मुलीने रिमोटचे सेल बदलले. वर सारखं कुणीतरी दार सताड उघडून विचारायचं, "आता लागतंय का गार?" जे काही थोडंफार गार झालेलं असे, तेही त्या दारातून निघून जाई. मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तपासायला त्याने गॅलरीतलं कपाट उघडलं मात्र, मी असा गारवा सोडला की आत्या डोळे मिटून "आहाहा" म्हणाली. "गॅस जरा कमी होता, भरलाय," असं सांगून मेकॅनिक गेला. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मग बाबांनी स्वतःच्या हाताने कपाटाचं दार लावलं. झालं! संध्याकाळी मी पुन्हा नुसता पंखा.

मेकॅनिक दुसऱ्यांदा आला, तेव्हाही हेच रामायण.

"हा माणूस आपल्याला बनवतोय," बाबा चिडले. "नाहीतर या एसीतच काही राम उरलेला नाही."

मी माझा दिवा लुकलुकवत होतो. बोलायला माझ्याकडे दुसरं आहे काय? तर आई म्हणते, "दिवा लागतोय म्हणजे चालू आहे की!"

इकडे आत्याच्या प्लास्टरच्या कडेने लाल चट्टे उठले. "कापायला लागलं तर हो?" आई हळूच बाबांना म्हणाली. ते ऐकून आत्याचा बांध फुटला.

"अरे, मला कुणी काही विचाराल की नाही? दिवसभर या खोलीत मीच पडून असते ना? तो मेकॅनिक आला की गार, गेला की गरम. आणि येऊन पहिलं काय करतो? तुझं ते कपाट उघडतो!"

बाबांचा चेहरा पडला. "ताई, धूळ जाईल गं आत. एवढं छान करून घेतलंय."

"तुला कपाट जपायचंय की माझा पाय?"

बाबा गॅलरीत गेले. दार उघडताच आतली हवा भस्सकन तोंडावर आली आणि ते "आई गं!" करत मागे सरले. मग पाना-पेचकस आणून त्यांनी ते अख्खं कपाटच खोललं.

पुढच्या आठवड्यात आत्याला तपासायला नेलं. परत आल्यावर आई-बाबांनी खुर्चीत बसवून तिला वर आणलं, तेव्हा ती जिन्यातूनच ओरडत होती, "नाही कापलं! नाही कापलं!" खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला भरून आलं.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या, पण जिची घेताय त्या वस्तूचा जीव तर गुदमरत नाही ना, हेही बघा. आणि माणूस असेल तर त्याला तोंड आहे, विचारा की!

त्या दुपारी खोली मस्त गार झाली होती. बाबा जाडजूड चादर घेऊन आले, नेहमीसारखं न विचारताच आत्याला पार गळ्यापर्यंत गुंडाळणार, तेवढ्यात थबकले.

"ताई, घालू का गं?" त्यांनी विचारलं.

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. आणि मी, मित्रांनो, त्या क्षणी त्यांना सगळं माफ करून टाकलं.